मोजायचं तर बाकावरून मोजा

दगडखाणीला परवानगी द्यायची की नाही यावर लोकांना एकत्र बसवलं, की थोड्याच वेळात दोन्ही बाजूंकडून शाळेचं नाव निघतं. खाणीच्या बाजूने बोलणारा सांगतो, आम्ही शाळेला दोन खोल्या बांधून दिल्या, कुंपण घातलं, पंखे बसवले. खाण बंद पडली तर हे कोण करणार? विरोधात बोलणारा सांगतो, आमच्या लेकरांच्या नाकातोंडात धूळ जाते, सुरुंगाने भिंती हादरतात, त्यांच्या जिवाचं काय? टाळ्या दोघांनाही पडतात. मग खाण वस्तीपासून किती लांब हवी, हा अंतराचा मुद्दा निघतो: दोनशे मीटर की पाचशे, खाणपट्ट्याच्या हद्दीपासून धरायचे की सुरुंगाच्या जागेपासून. उरलेला दिवस त्यातच जातो. त्या शाळेतल्या तिसरीच्या मुलांना साधा परिच्छेद वाचता येतो का, हे विचारायला कोणी उठत नाही. मुलांच्या वाचनाविषयी तळमळणाऱ्यांची बैठक वेगळीच भरते. तिथे पद्धत, पाठ्यपुस्तक, शिक्षकांचं प्रशिक्षण, मातृभाषा यांवर तासन्‌तास चर्चा होते. शाळेच्या मागे दिवसभर काय घरघरतंय हा विषय त्यांच्या कागदावर नसतो.

हे दोन विषय वेगळे आहेत, हे मला मान्य आहे. खाती वेगळी, कायदे वेगळे, तज्ज्ञ वेगळे. पण ते एका ठिकाणी गाठ घेतात, आणि ते ठिकाण म्हणजे वर्गातला बाक. आज खाणीच्या त्रासाचं मोजमाप खाणीच्या हद्दीवरून होतं आणि खाणीने दिलेल्या मदतीचं मोजमाप बांधलेल्या खोल्यांवरून. दोन्ही मापं चुकीच्या जागी लावलेली आहेत असं माझं म्हणणं आहे. आवाज, धूळ आणि हादरा बाकावर बसलेल्या मुलापाशी मोजावा, आणि खाणीच्या पैशाचा हिशेब मूल वाचायला लागलं का, यावर मागावा. एवढं केलं तर मीटरच्या भांडणातलं निम्मं भांडण उरणार नाही, आणि उरेल ते तरी खऱ्या गोष्टीवरचं असेल.

हे मी ऐकीव सांगत नाही. अशाच एका खाणीलगतच्या शाळेत मी वर्षभर, आठवड्यातून दोन सकाळी, तिसरीतल्या मागे पडलेल्या मुलांचं वाचन घ्यायला जात असे. सव्वाअकराच्या सुमारास क्रशर, म्हणजे दगड फोडून खडी पाडणारं यंत्र, सुरू व्हायचा. आधी डंपर मागे घेताना वाजणारी टीं-टीं, मग जबड्यात पहिला दगड पडल्याचा धाडकन आवाज, आणि मग ती घरघर. अधूनमधून ड्रिल लागायचं. बाईंनी फळ्याच्या कोपऱ्यात एक चौकोन आखून ठेवला होता. बोलताना आपलाच आवाज आपल्याला ऐकू येईना झाला की त्या थांबत, चौकोनात एक उभी रेघ मारत, आवाज जरा बसला की पुन्हा सुरू करत. एका तासिकेत अकरा रेघा मी मोजल्या आहेत. त्या कोणाला दाखवायच्या होत्या असं नाही. 'धडा पुरा का होत नाही ते मला तरी कळावं', एवढंच त्या म्हणाल्या. त्यांनी 'फळ' म्हटलं की निम्मी पोरं 'पळ' म्हणायची आणि एकदा तर दोघं खरोखरच उठून पळाली. एक मुलगी वाचताना पुस्तकाकडे बघायचीच नाही, बाईंच्या ओठांकडे बघायची. ती हुशार होती. ऐकू येत नाही म्हटल्यावर तिने तिच्यापुरता मार्ग काढला होता, फक्त त्या मार्गाने वाचन येत नाही.

'फळ' आणि 'पळ' यांची गंमत जरा उलगडून बघितली पाहिजे, कारण सगळं तिथे आहे. मराठीत दार आणि धार, तर आणि थर, कार आणि खार हे फरक एका हलक्या श्वासाचे आहेत. अर्थ बदलणारा हा श्वास सगळ्या उच्चारात सगळ्यात अशक्त असतो. घरघरीत पहिला बुडतो तो तोच. मोठ्या माणसाला त्याने फरक पडत नाही, कारण वाक्याचा रोख आणि पाठीशी असलेले हजारो शब्द यांच्या आधाराने आपण न ऐकलेला भाग मनात भरून घेतो. सात वर्षांच्या मुलापाशी ती शिल्लक नसते. त्यातून ते वाचायला शिकत असतं, म्हणजे नेमकं हेच शिकत असतं, की हा आवाज या अक्षराचा आणि तो आवाज त्या अक्षराचा. आवाजच एकसारखे आले तर अक्षरं वेगळी का, हे त्याला कसं समजणार? म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांत वर्ग चालू असताना मागचा आवाज ३५ डेसिबलच्या आत असावा असं म्हटलं. बाहेर क्रशर असलेल्या वर्गाची खिडकी उघडी ठेवून हा आकडा गाठून दाखवावा.

आवाजाने वाचन मागे पडतं याचा सगळ्यात सुबक पुरावा न्यूयॉर्कमधल्या एका शाळेतून आला. मॅनहॅटनच्या उत्तर टोकाच्या या शाळेच्या एका बाजूने उंचावरचा रेल्वेमार्ग जायचा आणि दर काही मिनिटांनी गाडी धडधडत गेली की त्या बाजूचे वर्ग थांबायचे. आर्लीन ब्रोंझाफ्ट आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९७५ मध्ये दाखवून दिलं, की रुळांकडच्या वर्गातली मुलं त्याच शाळेच्या शांत बाजूच्या मुलांपेक्षा वाचनात मागे आहेत; सहावीपर्यंत हा फरक जवळजवळ एका वर्षाचा. शाळा तीच, पुस्तकं तीच, वस्तीही तीच. पुढे रुळांखाली रबरी गाद्या बसवल्या, गोंगाटाच्या बाजूच्या वर्गांना आवाज शोषणारी छतं लावली. १९८१ मध्ये पुन्हा तपासलं तेव्हा दोन्ही बाजू सारख्या झाल्या होत्या. म्युनिकचा विमानतळ १९९२ मध्ये एका जागेवरून दुसऱ्या जागी गेला तेव्हा संशोधकांना तर आयताच प्रयोग मिळाला: नव्या विमानतळाजवळच्या मुलांचं वाचन आणि दीर्घ स्मरण खालावलं, जुन्याजवळच्या मुलांचं सुधारलं. गेलेलं परत येतं, ही या दोन्ही ठिकाणची मला सर्वांत मोलाची वाटणारी बाब.

इथे खाणवाल्यांचा वकील हात वर करील, आणि त्याचं म्हणणं खोटं नाही. हे सगळं गाड्या आणि विमानांचं झालं, दगडखाणीचं कुठे? शिवाय हीथ्रो, स्किफोल आणि माद्रिदच्या विमानतळांभोवतालच्या २,८४४ मुलांचा जो मोठा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात विमानांच्या आवाजाचा वाचनाशी संबंध दिसला, पण रस्त्यावरच्या वाहतुकीच्या आवाजाचा दिसला नाही. मग खाणीचा आवाज विमानासारखा धरायचा की रस्त्यासारखा? प्रामाणिक उत्तर असं, की ते खाणीवर अवलंबून आहे. टेकडीच्या पलीकडची, क्रशर नसलेली, महिन्यातून दोन सुरुंग लावणारी खाण शाळेचं काहीच बिघडवत नसेल. शाळेच्या खिडकीसमोर दिवसभर खडी पाडणारं यंत्र, चढउतार होत राहणारं ड्रिल आणि डंपरची रांग ही वेगळी गोष्ट आहे. दोघींना एकच दोनशे मीटर लावण्यात काय शहाणपण? या आक्षेपामुळे खाण निर्दोष सुटत नाही, प्रत्येक वर्गात जाऊन मोजण्याची गरज मात्र पक्की होते.

दुसरा आक्षेप साक्षरतेच्या बाजूने येतो आणि तो जास्त वजनदार आहे. मुलं वाचत नाहीत याचं मुख्य कारण खाण नाही. जिथे पाखराच्या आवाजाशिवाय काही ऐकू येत नाही तिथल्या शाळांतही पाचवीतली मुलं दुसरीचं पुस्तक अडखळत वाचतात. कारण शिकवण्यात आहे. इंग्लंडने २०१२ मध्ये पहिलीच्या मुलांसाठी अक्षर-ध्वनींची छोटी चाचणी सुरू केली तेव्हा ५८ टक्के मुलं अपेक्षित पातळीला होती. २०१९ पर्यंत ती ८२ टक्क्यांवर गेली. कोणत्याही खाणीला हात न लावता. मुलांना इयत्तेनुसार न बसवता त्यांना जे येतं तिथून शिकवायचं, हा 'प्रथम' या संस्थेने भारतात रुजवलेला मार्गही असाच परिणामकारक ठरला. मग खाणीचं लचांड वाचनाच्या गळ्यात कशाला? उलट अपयशी शिक्षकाला एक आयती सबब मिळेल. ही भीती मला खरी वाटते. पण या यशस्वी पद्धतींत समान काय आहे ते बघा. ध्वनी वेगळा ऐकायचा, म्हणायचा, अक्षराशी जोडायचा. छोट्या गटात मुलाच्या शेजारी बसून त्याचं वाचन कानाने ऐकायचं. पद्धत जितकी चांगली तितकी ती कानावर जास्त विसंबून असते. धडा फळ्यावरून उतरवून घ्या म्हणणाऱ्या आळशी शिक्षकाचं क्रशरने काही अडत नाही. अडतं ते मन लावून शिकवणाऱ्या बाईंचं. सबब नको असेल तर सबबीचं कारणच मोजून कागदावर आणा: आवाज मर्यादेत असूनही मुलं वाचत नसतील तर जबाब शाळेने द्यावा.

आता अंतराकडे. या आकड्याभोवती इतकी भाबडी श्रद्धा का जमा झाली मला कळत नाही. वेल्सच्या २००४ च्या नियोजन-सूचनांत कठीण दगडाच्या खाणीसाठी वस्तीपासून २०० मीटरचा पट्टा आहे. भारतात राष्ट्रीय हरित लवादाने २०२० मध्ये केरळच्या प्रकरणात सुरुंग लावणाऱ्या खाणींना २०० आणि न लावणाऱ्यांना १०० मीटर ठरवले, आणि लगेच तो आकडा न्यायालयांच्या पायऱ्या चढू लागला. त्याच भारतातल्या १९६१ च्या धातुखाणींच्या सुरक्षा नियमांत सुरुंग उडवताना ३०० मीटरच्या आतलं सगळं धोक्याचं क्षेत्र मानलेलं आहे. म्हणजे दोनशे मीटरवर घर चालेल, पण सुरुंगाच्या वेळी त्या घरातल्या माणसाने आडोसा शोधायचा! पण माझी खरी तक्रार वेगळीच आहे. हे सगळे आकडे सुरुंगाभोवती फिरतात. सुरुंग दोन सेकंदांत संपतो. त्याआधी भोंगा वाजतो, मुलं कानात बोटं घालून हसतात आणि विसरतात. धडा खाऊन टाकतो तो क्रशर, ड्रिल आणि वाहतुकीचा रस्ता, आणि हे तिन्ही खाणीच्या खड्ड्यापासून कुठेही असू शकतात. खड्डा पाचशे मीटर लांब आणि डंपरचा रस्ता शाळेच्या भिंतीला खेटून, हे कागदावर पूर्णपणे नियमात बसतं.

आणि वस्ती म्हणजे तरी काय? अंतर धरलं जातं ते नोंद असलेल्या वस्तीपासून. खाणीतच पत्र्याच्या खोपटात राहणारं, दगड फोडणाऱ्या कुटुंबाचं बिऱ्हाड कोणत्या नकाशावर असतं? सगळ्यात जवळचं मूल हेच आणि अंतराच्या वादात मोजलं न जाणारंही हेच. पुण्याच्या आसपासच्या खाणींत 'संतुलन'सारख्या संस्थेला पाषाणशाळा काढाव्या लागल्या, कारण ही मुलं खाणीबाहेरच्या शाळेपर्यंत पोचतच नव्हती. अंतर वाढवून यांचा प्रश्न एका मीटरनेही हलत नाही. खाण पाच किलोमीटर दूर नेली तर तेही पाच किलोमीटर दूर जातात, बहुधा असलेली शाळाही सोडून.

विरोध करणाऱ्यांनाही दोन गोष्टी ऐकवल्या पाहिजेत. घराला गेलेली प्रत्येक चीर सुरुंगाने जात नाही. माणसाला कंप जाणवतो तो भिंतीला इजा होण्याच्या पातळीच्या कितीतरी खाली, आणि ऊन, पाऊस, पाया खचणं यांनीही भिंती तडकतात. भारताच्या खाण-सुरक्षा महासंचालनालयाच्या १९९७ च्या परिपत्रकात साध्या घरांसाठी कंपाच्या वारंवारितेनुसार सेकंदाला ५ ते १५ मिलिमीटरची मर्यादा आहे. ती पाळली जाते का हे यंत्र लावून बघता येतं, फोटो दाखवून सिद्ध होत नाही. तसंच धुळीचं. सिलिकोसिस, म्हणजे दगडातल्या सिलिकाच्या धुळीने होणारा फुफ्फुसाचा रोग, हा मुख्यतः खाणीत काम करणाऱ्याचा आजार. तो कितपत होणार हे दगडात मुक्त सिलिका किती यावर ठरतं, आणि बेसॉल्टमध्ये ती ग्रॅनाइट किंवा वाळूखडकाच्या मानाने थोडी असते. 'आमची पोरं सिलिकोसिसने मरतील' असं सरसकट म्हणून चाललेला वाद एका प्रयोगशाळेच्या अहवालाने कोसळतो, आणि मग खोकल्याने आठवड्यातून दोन दिवस घरी राहणाऱ्या पोराची खरी तक्रारही त्याच ढिगाऱ्यात गाडली जाते. हजेरीपटात ती सापडली असती. पण हजेरीपट घेऊन सुनावणीला कोण जातो?

यावर अर्थातच विचारलं जाईल, की मग तुम्हाला दगड नको का? हवा आहे. ज्या शाळेविषयी बोलतोय तिचा पाया, तिचं जोतं, तिच्याकडे जाणारा रस्ता हे सगळं खडीचं आहे. खाणी लांब नेल्या की खडी जड मालमोटारींतून लांबून येते, आणि त्या मालमोटारी वाटेतल्या आणखी दहा शाळांसमोरून जातात. म्हणून 'हटवा' हे उत्तर मला फार वेळा आळशी वाटतं. बाकावर मोजायचं ठरवलं की करण्यासारख्या गोष्टी साध्या निघतात. शाळेचे पहिले तीन तास, म्हणजे वाचनाचे तास, ड्रिल आणि क्रशर बंद ठेवायचे आणि काम दुपारकडे सरकवायचं. क्रशरला बंदिस्त आच्छादन, दगड जिथे पडतो त्या पत्र्याला रबरी अस्तर, शाळेच्या बाजूला मातीचा उंच बांध. डंपरच्या कर्कश टीं-टींऐवजी फुसफुसल्यासारखा वाजणारा इशारा मिळतो. तो मागे उभ्या माणसाला ऐकू येतो आणि दूरवर घुमत नाही. डंपरसाठी शाळेला वळसा घालणारी वाट. न्यूयॉर्कच्या त्या शाळेत कोणी रेल्वे बंद केली नव्हती, रबर घातलं होतं.

कायद्याकडे बघितलं तर भारतातल्या २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत शाळेभोवतालचे किमान १०० मीटर शांतता क्षेत्र मानण्याची सोय होती आणि तिथे दिवसाची मर्यादा ५० डेसिबल. २०१७ मध्ये दुरुस्ती झाली: राज्य सरकारने खास अधिसूचना काढल्याशिवाय कोणताही भाग शांतता क्षेत्र ठरणार नाही. एका ओळीने शाळेभोवतालची शांतता आपोआप मिळणारी होती ती मागून घ्यायची झाली. ही दुरुस्ती झाली तेव्हा चर्चा झाली ती सणांतल्या ध्वनिवर्धकांची. वर्गाची झाल्याचं मला आठवत नाही.

उद्योगाच्या तपासनिसाने शाळेत डोकवावं ही कल्पना अनेकांना विचित्र वाटते. खाणीचा अधिकारी दगड बघेल, शिक्षणाचा अधिकारी मुलं बघेल, त्यात गल्लत नको. पण उद्योगाच्या नियमनाचा इतिहासच या गल्लतीपासून सुरू होतो. ब्रिटनच्या १८३३ च्या कारखाना कायद्याने कापडगिरण्यांतल्या नऊ ते तेरा वर्षांच्या मुलांचे कामाचे तास बांधून दिले आणि त्याच कायद्यात त्यांना रोज दोन तास शाळा सक्तीची केली. साऱ्या देशासाठी चार तपासनीस नेमले. गिरणीचे तास आणि मुलाचा शाळेचा दाखला हे दोन्ही त्यांनीच बघायचं. गिरणीवाल्यांनी तेव्हा जे म्हटलं ते आजच्या सुनावणीतही ऐकू येतं: धंदा बुडेल, काम परदेशी जाईल, गरिबाच्या घरातली चूल विझेल. यंत्रं थांबली नाहीत. मात्र त्यातून जी फजिती झाली ती खरी शिकण्यासारखी आहे. तपासनिसांना असे दाखले सापडू लागले, की ज्यांवर मास्तरांची सही म्हणून फुली मारलेली होती. मास्तरलाच लिहिता येत नव्हतं! मूल शाळेत बसलं होतं, कायदा पाळला गेला होता, दाखला हजर होता. शेवटी १८४४ मध्ये दाखला शिक्षकाने स्वतःच्या हाताने लिहिलेला हवा अशी दुरुस्ती करावी लागली. खाणीच्या निधीतून रंगवलेली, पंखे लावलेली, आणि आत बसलेल्या मुलाला वाचता येत नाही अशी शाळा बघितली की मला ती फुली आठवते.

म्हणून पैशाचा मुद्दा. १८८२ मध्ये शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी हिशेबच मांडला होता: सरकारचा महसूल रयतेच्या कष्टातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या पदरात पडतो. निदान बारा वर्षांपर्यंतचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही त्यांची मागणी होती. जिथून पैसा उचलला तिथल्या मुलाला तो दिसला पाहिजे, हा त्या हिशेबाचा गाभा. भारतात २०१५ पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठानं आली, खाणींनी वाटा द्यायचा आणि तो खाणबाधित भागावर खर्च व्हायचा. शिक्षण हा त्यातल्या अग्रक्रमाच्या विषयांपैकी एक. तत्त्व फुल्यांच्या जवळ जाणारं आहे. व्यवहारात या पैशाला बांधकाम फार आवडतं. खोली दिसते, तिचं उद्‌घाटन होतं, तिच्यावर पाटी लागते. वाचायला शिकलेल्या मुलावर पाटी लावता येत नाही. आणि एक बारीक विनोद असा, की खोली बांधायला खडी लागते.

ब्राझीलच्या सिआरा राज्याने यावर वेगळा तोडगा काढला. २००७ च्या कायद्याने तिथे विक्रीकरातल्या, नगरपालिकांना द्यायच्या वाट्याचा काही भाग शाळांच्या निकालाशी जोडला गेला, आणि त्यात दुसरीतल्या मुलांचं वाचन धरलं. इमारती किती झाल्या हे कोणी विचारेना, मुलं वाचतात का हे सगळेच विचारू लागले. त्या राज्यातलं सोब्राल हे साधंसं शहर देशातल्या प्राथमिक शाळांच्या निकालात वर आलं. त्यांनी आणखी एक हुशारी केली: बक्षीस मिळालेल्या शाळेने एका मागे पडलेल्या शाळेला हात दिल्याशिवाय तिला बक्षिसाचा उरलेला हप्ता मिळत नाही. यात चाचणीपुरतं घोकून घेण्याचा धोका आहेच. फुलीचे दाखले कुठेही तयार होतात. पण १८४४ मध्ये फुली सापडली म्हणून कोणी शाळेचे दोन तास रद्द केले नाहीत, दाखल्याचा नमुना बदलला. दर सहा महिन्यांनी बाहेरच्या माणसाने येऊन, प्रत्येक मुलाला एक न वाचलेला परिच्छेद देऊन, शेजारी बसून ऐकायचं, यात फसवाफसवीला फारशी जागा राहत नाही.

यातून खाणवाल्याला अन्याय वाटू शकतो, की मास्तर गैरहजर राहिला तर त्याचा भुर्दंड मला का? म्हणूनच दोन मापं वेगळी ठेवायची. खाणमालकाने उत्तर द्यायचं ते बाकावरच्या डेसिबलचं, धुळीचं, हादऱ्याचं. वाचनाचा निकाल त्याच्या माथी मारायचा नाही. निधी वाटणाऱ्यांनी आणि शाळेने उत्तर द्यायचं ते वाचनाचं. दोन्ही आकडे एकाच कागदावर, शाळेच्या दारावर लावलेले असावेत. आज ते एकत्र कधीच येत नाहीत म्हणून प्रत्येकाला दुसऱ्याकडे बोट दाखवता येतं.

खात्यांच्या या भिंतींनी काय होतं याचं भयंकर उदाहरण वेल्समधलं ॲबरफॅन. तिथे शाळेच्या वर डोंगरावर कोळशाच्या खाणीचा कचरा टाकून ढिगारे उभे केले होते. १९६३ मध्येच स्थानिक कार्यालयांमधून पत्रं गेली होती आणि त्यांचा विषयच होता तिथल्या पँटग्लास शाळांच्या मागे टाकल्या जाणाऱ्या कोळशाच्या चिखलाचा धोका. पत्रं वाचली गेली, उत्तरं आली, फाइलला लागली. २१ ऑक्टोबर १९६६ च्या सकाळी ढिगारा खाली आला तेव्हा मुलं नुकतीच वर्गात बसली होती. ११६ मुलं आणि २८ मोठी माणसं गेली. चौकशी झाली तेव्हा कट, लाचखोरी असं काही निघालं नाही. निघालं ते अज्ञान, गलथानपणा आणि एका खात्याने दुसऱ्याला नीट न सांगणं. ढिगाऱ्यांवर नियंत्रण ठेवणारा कायदा १९६९ मध्ये आला. क्रशरची घरघर म्हणजे ॲबरफॅन असं मी म्हणत नाही, घरघरीने कोणी मरत नाही. म्हणूनच तर तिच्यासाठी पत्रसुद्धा लिहिलं जात नाही.

राहिला रोजगार. खाणीवर पोट असलेल्या माणसाला 'तुझ्या पोराच्या वाचनासाठी सकाळचे तीन तास यंत्र बंद' असं सांगितलं तर तो चिडेल, आणि त्याची मजुरी कापली जाणार असेल तर त्याने चिडलंच पाहिजे. तास सरकवा, कापू नका; परवान्याच्या अटीत तसं लिहा. फरीदाबादच्या दगडखाणींतल्या वेठबिगारांविषयीच्या एका पत्रालाच याचिका मानून भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९८३ मध्ये निकाल दिला. धूळ दाबायची, पिण्याचं पाणी द्यायचं, मुलांच्या शिक्षणाकडे बघायचं, हे सगळं त्यात एकत्र आलं होतं. खाणीत उभं राहून बघितलं की हे विषय एकत्रच दिसतात, कचेरीत बसलं की सुटे होतात. त्या निकालाला चाळीस वर्षं उलटली आणि आपण अजून मीटर मोजतो आहोत.

मी ज्या शाळेत जात असे तिथे आवाज मोजायला माणसं येऊन गेली होती असं नंतर कळलं. अहवालही झाला होता: हद्दीवर चार ठिकाणी मोजणी, सगळं मर्यादेत. बाईंना विचारलं, तुम्ही होतात का त्या वेळी? त्या म्हणाल्या, "नाही हो, रविवारी आले होते ते. शिपायाने सांगितलं." त्या आठवड्यातल्या मंगळवारच्या पाचव्या तासिकेच्या रेघा फळ्यावर अजून होत्या. नऊ.